फाशिंगच्या सुट्टीत ऑस्ट्रियात स्कीइंग: नवशिक्या कुटुंबानं कुठे जावं?

इझारकाठची

नमस्कार मंडळी. आम्ही म्युनिकला असतो. बव्हेरियातल्या शाळांना १६ ते २० फेब्रुवारी २०२६ फाशिंगची (म्हणजे कार्निव्हलची) सुट्टी आहे. मुलगी दहा वर्षांची, मुलगा सहा. मुलीच्या वर्गातली बरीच मुलं दर वर्षी स्कीइंगला जातात, आणि शाळा उघडली की आठवडाभर त्याच गप्पा. तेव्हा यंदा जायचंच असं घरात ठरलंय. कोल्हापूरहून सासू-सासरेही त्या सुमारास इथेच असतील, तेही येणार.

आमच्यातल्या एकानंही आजवर पायात स्की चढवलेली नाही. नवऱ्यानं २०२५च्या फेब्रुवारीत झालबाखची स्कीइंगची जागतिक स्पर्धा टीव्हीवर बघितली, तेव्हापासून 'झालबाखलाच जाऊ, तिथे २७० किलोमीटरचे उतार आहेत' हा एकच धोशा. मी टिरोलमधली एलमाउ, झ्योल वगैरे गावं बघतेय. हॉटेल घ्यावं की किचनवालं अपार्टमेंट? आणि मुळात एवढ्या खर्चाचं हे प्रकरण नवशिक्यांनी करावं का? अनुभवी लोकांनी लिहा प्लीज.

गारठलेला_गण्या

ऑक्टोबर संपत आला आणि बुकिंग अजून नाही? ताई, आधी ते करा, धागा नंतर वाचा.

कारण सांगतो. त्याच आठवड्यात इंग्लंडच्या बहुतेक शाळांना हाफ टर्म (सत्राच्या मधली सुट्टी) आहे, नेदरलँड्सच्या मध्य आणि दक्षिण भागाला सुट्टी आहे, आणि ऑस्ट्रियाची आपली स्वतःची सेमिस्टरची सुट्टी राज्याराज्यांत विभागून फेब्रुवारीभर चालूच असते. त्यामुळे १४ ते २१ फेब्रुवारी हा वर्षातला सगळ्यात महाग आठवडा म्हटलात तरी चालेल. घरमालक शनिवार ते शनिवार सोडून बोलतच नाहीत. चार रात्री मागितल्या तर मेलला उत्तरसुद्धा येत नाही.

पेन्शनर_पेठकर

हजारो युरो भरायचे, अंगावर दहा किलो कपडे चढवायचे, डोंगराच्या टोकावर जायचं आणि तिथून खाली पडायचं. आमच्या वेळी हे काम पर्वतीच्या पायऱ्यांवर फुकटात व्हायचं.

आळशी_अजगर

पेठकर काका =))

टिरोलकर

मी कुफश्टाइनजवळ राहतो, त्यामुळे थोडं सविस्तर लिहितो.

किलोमीटर मोजू नका. पहिल्या आठवड्यात नवशिक्या माणसाला लागतो तो शंभरेक मीटरचा सपाटसा उतार, त्याच्या कडेला सरकता पट्टा आणि पट्ट्याशेजारी उभा असलेला शिक्षक. मुलं सोमवारी त्या पट्ट्यावर असतील, बुधवारच्या आसपास लहान लिफ्टवर जातील आणि शुक्रवारी छोटी शर्यत लावून मेडल घेऊन येतील. मोठे त्यांच्या मागेमागे. उरलेल्या दोनशे साठ-सत्तर किलोमीटरचं तुम्ही काय करणार?

बघायचं ते हे: राहत्या घरापासून स्की स्कूलचं मैदान किती लांब आहे. सहा वर्षांचं पोर स्कीचे बूट घालून पाचशे मीटर चालत नाही. मग त्याची स्की तुमच्या एका खांद्यावर, तुमची दुसऱ्या खांद्यावर, काठ्या काखेत, आणि पोर म्हणतंय उचलून घे. झालबाख उत्तम आहे, वाईट कोण म्हणेल. पण घर दरीत दोन किलोमीटर आत मिळालं तर रोज सकाळी गच्च भरलेल्या स्कीबसमध्ये ही वरात काढावी लागेल. एलमाउ, शेफाउ, झ्योल, गोइंग ही सगळी स्कीवेल्टची, म्हणजे एकमेकांना जोडलेल्या उतारांच्या एकाच मोठ्या स्की-प्रदेशातली गावं. प्रत्येकाचं मैदान आणि घर यांतलं अंतर नकाशावर मोजा आणि मगच पैसे भरा.

दुसरं म्हणजे पहिल्या दिवशी अख्ख्या डोंगराचा पास काढू नका. मोठ्यांचा दिवसाचा पास आता सत्तर युरोच्या पुढे गेलाय. सरावाच्या लिफ्टसाठी बहुतेक गावांत वेगळं, स्वस्त तिकीट असतं, कुठे पट्टा फुकटही असतो. शिक्षक म्हणाला 'उद्या वर जाऊ' की मग पास काढा.

आळशी_अजगर

+१००. नवरोबांना सांगा, त्यांचे पहिल्या दिवशीचे २७० मीटर झाले तरी पेढे वाटू.

चकलीताई

किचनवालं अपार्टमेंटच घ्या. सासू-सासरे बरोबर आहेत म्हणजे प्रश्नच नाही.

आणि एक लक्षात आलं का? १५ फेब्रुवारीला रविवारी महाशिवरात्र आहे! तुम्ही शनिवारी संध्याकाळी दमूनभागून पोचणार, सुपरमार्केट शनिवारी सहाला बंद, रविवारी कुलूप. स्कीच्या गावांत हंगामात एखादं दुकान रविवारी उघडं असतं, पण त्या भरवशावर राहू नका. साबुदाणा, दाण्याचं कूट, वऱ्याचे तांदूळ म्युनिकहूनच न्या. बटाटे तिथे मिळतील, पण शनिवारी सहाच्या आत.

बाहेर खाताना शाकाहारी असाल तर सुपापासून जपा. त्या धिरड्याच्या पट्ट्या घातलेल्या सुपाचं पाणी बहुधा बीफचं असतं, आणि वेटरच्या लेखी ते 'व्हेजिटेरियन'च, कारण मांसाचा तुकडा दिसत नाही. ग्र्योस्टल म्हणजे बटाट्याची भाजी दिसते, पण आत बेकन. बिनधास्त मागवा ते केझेश्पेट्सल (चीज घातलेले पिठाचे छोटे गोळे), कायझरश्मार्न (गोड जाड धिरड्याचे तुकडे) आणि गेर्मक्न्योडल. हा शेवटचा प्रकार म्हणजे पोटात आलुबुखाराचा जॅम भरलेला वाफवलेला गोळा, वर खसखस आणि साखर. आमच्या सासूबाईंनी एकटीनं संपवला होता, 'मला नको, चव बघते फक्त' म्हणत. डोंगरावरच्या झोपड्यांत कार्ड चालेलच असं नाही, रोख जवळ असू द्या.

खडूस_खानदेशी

मी विरोधी पक्षात बसतो.

हिशोब करा. सहा माणसांचं घर, चौघांची स्की स्कूल (मुलांची पाच दिवसांची प्रत्येकी तीनशेच्या आसपास, मोठ्यांची थोडी इकडेतिकडे), चौघांचं भाड्याचं सामान, पास, वर माणशी रात्रीचा स्थानिक कर आणि शेवटच्या साफसफाईचे वेगळे. आमच्या मित्रांचा चौघांचाच आकडा गेल्या वर्षी साडेतीन-चार हजार युरोंवर गेला. आणि मंगळवारी पोरानं जाहीर केलं, मला नाही आवडत. पुढचे तीन दिवस बाप लेकाला घेऊन स्विमिंग पूलमध्ये.

म्युनिकला राहता ना? जानेवारीत एखाद्या शनिवारी लेंगग्रीसला ब्राउनेकवर जा. रेल्वेनं जाता येतं. एक दिवसाचं सामान भाड्यानं, एक दिवसाचा क्लास. आवडलं तर पुढचा विचार. झुडेलफेल्ड, श्पिट्सिंगझे हेही पर्याय आहेत. पाण्यात उतरायच्या आधी जहाज विकत घ्यायचं कशाला?

टिरोलकर

खानदेशी, मुद्दा रास्त आहे, पण अर्धाच पटला. एका दिवसात कुणालाच मजा येत नाही. पहिला दिवस म्हणजे बूट चावतात, माणूस आडवा होतो, उठता येत नाही, संध्याकाळी अंग ठणकतं. खरा आनंद तिसऱ्या दिवशी सुरू होतो, जेव्हा ब्रेक लागायला लागतो. एका दिवसावर परीक्षा घेतलीत तर चौघेही नापास. शिवाय ताई जानेवारीपर्यंत थांबल्या तर घर मिळणारच नाही.

ब्राउनेकला जाच, पण बुकिंग करून मग. आणि रद्द करता येईल असं घर बघा.

थेम्सपार

आम्ही लंडनहून जातो, आमचे हाल वेगळेच. भारतीय पासपोर्टवाल्यांना इथून शेंगेन व्हिसा लागतो. अपॉइंटमेंट मिळवता मिळवता बर्फ वितळायची वेळ येते, तेव्हा यूकेवाल्यांनो, उन्हाळा संपला की लगेच मागे लागा. त्यात १२ ऑक्टोबर २०२५पासून सीमेवर ती नवी ईईएस यंत्रणा आली, बोटांचे ठसे आणि फोटो. हाफ टर्मच्या शनिवारी लहान विमानतळावर ती रांग कशी असेल या विचारानंच मला घाम फुटतो.

स्वस्त पडतं म्हणून सुट्टीच्या आधीच निघू म्हणाल तर इथे शाळा दंड लावते, दर पालकामागे दर मुलाचे ८० पौंड, तीन आठवड्यांत भरला नाही तर १६०.

गारठलेला_गण्या

दंडाचं बव्हेरियात तर आणखी जोरात आहे. २०१८ साली सुट्टी लागायच्या आधल्या दिवसांत मेमिंगेनच्या विमानतळावर पोलिसांनीच शाळा बुडवून निघालेली कुटुंबं पकडली होती. गाडीनं जाणाऱ्यांना एवढी भीती नाही म्हणतात, पण शुक्रवारी दुपारी पोराला 'ताप' आला की बाईंना कळतं हो.

तसंही शुक्रवारी दुपारी आणि शनिवारी सकाळी ए८ वर इर्शेनबेर्गच्या चढाला जे होतं त्याला ट्रॅफिक जॅम म्हणणं हा जॅमचा अपमान आहे. पहाटे पाचला निघा, नाहीतर सरळ जेवूनखाऊन दुपारनंतर. घराचा ताबा तसाही तीन-चार वाजता मिळतो. येतानाही तेच.

इझारकाठची

बापरे, केवढं लिहिलंत सगळ्यांनी. धन्यवाद! महाशिवरात्रीचं माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. सासूबाईंना सांगितलं तर त्यांनी साबुदाणा कोल्हापूरहूनच आणायचं ठरवून टाकलं.

अजून विचारते. व्हिन्येट (ऑस्ट्रियाच्या हायवेचा टोल-स्टिकर) लागेल का? हेल्मेट विकत घ्यावं का? आणि सासू-सासऱ्यांनी दिवसभर काय करायचं? सासरे म्हणतात मी खिडकीत बसून पेपर वाचेन, पण ते दुसऱ्या दिवशी कंटाळणार हे मला माहीत आहे.

टिरोलकर

एलमाउ-झ्योल बाजूला जाणार असाल तर व्हिन्येट नको. २०१९च्या डिसेंबरपासून सीमेपासून कुफश्टाइन-झ्यूडपर्यंतचा हायवे मोफत आहे, तिथे उतरायचं आणि पुढे साध्या रस्त्यानं. नॅव्हिगेशन मात्र एक एक्झिट पुढे काढायला बघतं, तिथे व्हिन्येट लागते, तेव्हा सेटिंगमध्ये टोल टाळा करून ठेवा. झालबाखलाही इन्झेल-लोफरवरून बिनव्हिन्येट जाता येतं.

टायर विंटरचे हवेतच. ऑस्ट्रियात १ नोव्हेंबर ते १५ एप्रिल बर्फाळ रस्त्यावर ते कायद्यानं लागतात. घर चढावर असेल तर साखळ्याही ठेवा, आणि अंगणात एकदा लावून बघा. अंधारात, हिमवर्षावात, हातमोजे काढून पहिल्यांदा लावायची ती गोष्ट नाही.

पासपोर्ट आणि जर्मन रेसिडेन्स कार्ड सगळ्यांचं जवळ ठेवा. परतताना सीमेवर कीफर्सफेल्डनला जर्मन पोलीस गाड्या थांबवतात. शेंगेन आहे म्हणून घरी ठेवून आलो, हे ऐकून घेत नाहीत. सासू-सासऱ्यांचे पासपोर्टही.

हाडांचा_डॉक्टर

व्यवसायानं अस्थिरोगतज्ज्ञ, म्हणून तोंड उघडतो.

हेल्मेट: साल्झबुर्गसह ऑस्ट्रियाच्या बहुतेक राज्यांत पंधरा वर्षांखालच्या मुलांना सक्तीचं आहे. टिरोल आणि फोरार्लबेर्गमध्ये कायदा नाही, पण तो शोधत बसू नका. मुलांना घाला आणि तुम्हीही घाला. भाड्यानं मिळतं. सामान घेताना दुकानदार वजन विचारतो, त्यावर बूट स्कीतून कधी सुटायचा ते ठरतं. तिथे लाजून पाच-सात किलो कमी सांगू नका. जास्तही सांगू नका, पडल्यावर स्की सुटली नाही तर गुडघा पिळवटतो.

विमा: हे सगळ्यात महत्त्वाचं. जर्मन सरकारी विम्याच्या कार्डामागे युरोपियन कार्ड असतं, त्यावर सरकारी दवाखान्यातले उपचार होतात. पण डोंगरावरून खाली आणण्याचा खर्च, विशेषतः हेलिकॉप्टर, त्यात येत नाही आणि तो हजारो युरोंत जातो. शिवाय स्कीच्या गावात जखमी माणूस बऱ्याचदा खासगी क्लिनिकमध्येच पोचतो. ऑस्ट्रियन आल्पेनफेराइनचं (गिर्यारोहकांच्या संघाचं) वर्षाचं सदस्यत्व घेतलं तर २५,००० युरोंपर्यंत बचावाचा खर्च त्यात येतो, कुटुंबाला ते परवडतं. सासू-सासऱ्यांचा जो व्हिसासाठी काढलेला विमा आहे त्यात हिवाळी खेळ बहुधा वगळलेले असतात. बारीक अक्षरं वाचा.

माझ्याकडे येणारे पेशंट सांगतात ती वेळ बहुतेक एकच: दुपारी तीन-साडेतीन, 'एक शेवटची फेरी मारू'. पाय थकलेले, बर्फ उकरला गेलेला. तीन वाजता चहा प्यायला बसा.

आळशी_अजगर

डॉक्टर, हा सल्ला मी सकाळी दहापासूनच पाळतो.

चकलीताई

बुटांबद्दल कुणी लिहिलं नाही म्हणून.

मोजा एकच, पातळ, गुडघ्यापर्यंत. आपल्याकडची 'थंडी आहे, दोन घाल' ही माया इथे चालत नाही. दोन मोज्यांत घडी पडते आणि तासाभरात पोर रडायला लागतं. आतली थर्मल विजार बुटात कोंबायची नाही, बुटाच्या वर ठेवायची. टाच मागे ठोकून बसवायची, मग बकल. उभं राहिल्यावर बोटं पुढे टेकतात आणि पोर म्हणतं लहान आहेत. गुडघे वाकवायला सांगा, बोटं मागे सरकतात. तेवढं झालं की माप बरोबर. हातमोजे पाणी न शिरणारे, लहानांना चार बोटं एकत्र असलेले. तीही दोन जोड, कारण एक जोड कायम हीटरवर.

आणि हे सगळं चढवून, सूटची चेन गळ्यापर्यंत लावून, हेल्मेटचा पट्टा आवळला की मगच त्याला शू लागणार. दर दिवशी. पंधरा मिनिटं हिशोबात धरा.

कपडे नवे घेऊ नका, मुलांचे तर नाहीच. या दिवसांत तुमच्याकडे शाळांत, क्लबांत स्कीबाजार भरतात, तिथे वापरलेले सूट मातीमोल भावात मिळतात.

पेन्शनर_पेठकर

आता गंभीरपणे लिहितो. आमची लेक लिंट्झला असते. तिच्याकडे गेलो असताना जावयानं आम्हा दोघांना स्कीवेल्टमधल्या होहे साल्वे डोंगरावर नेलं होतं. पायी जाणाऱ्यांचं वेगळं तिकीट असतं, केबिनमध्ये बसायचं आणि थेट १८२९ मीटरवर. शिखरावर चक्क एक देऊळ, म्हणजे चर्च. चारी बाजूंनी डोंगर. हिनं हात जोडले आणि पाच मिनिटं बोललीच नाही, ही आमच्याकडे ऐतिहासिक घटना आहे. खाली गावात फिरायच्या वाटा बर्फ दाबून साफ ठेवलेल्या असतात. बूट मात्र खाचांचे हवेत, आणि दुकानात बुटांना लावायचे काटे मिळतात ते घ्या. म्हाताऱ्या माणसाला डोंगरावर नाही, पार्किंगमध्ये घसरायला होतं.

खडूस_खानदेशी

काका, पर्वतीच्या पायऱ्यांचं काय झालं?

पेन्शनर_पेठकर

पर्वतीला केबिन असती तर तिथेच गेलो असतो.

स्वप्नाळू_सांगलीकर

एवढं परदेशात कशाला, गुलमर्गला जा की. गोंडोला जवळजवळ चार हजार मीटरपर्यंत नेतो, बर्फ तर काय सांगू.

गारठलेला_गण्या

गुलमर्ग भारीच आहे, पण म्युनिकहून पाच दिवसांच्या सुट्टीत? कुफश्टाइन गाडीनं तासाभरावर आहे हो.

थेम्सपार

परत मूळ प्रश्नाकडे येते. स्कीवेल्ट म्हणताय, पण उंचीचं काय? झ्योल जेमतेम ७०० मीटरवर, एलमाउ ८२०. आम्ही एका वर्षी अशाच एका खालच्या गावात होतो. हिरव्या कुरणातून पांढरी पट्टी गेल्यासारखा कृत्रिम बर्फाचा रस्ता, दुपारी त्याची लापशी. त्यानंतर आम्ही ओबरटाउअर्नलाच जातो. गावच १७४० मीटरवर, दारातून बाहेर पडलं की बर्फ. झेरफाउसही १४०० च्या वर आहे आणि लहान मुलांसाठी फार छान, गावात चक्क भुयारी रेल्वे. फक्त खिसा गरम हवा.

टिरोलकर

उंचीचा मुद्दा बरोबर. एप्रिलमध्ये ईस्टरला जाणाऱ्यांनी उंचीच बघावी, ग्लेशियर असेल तर उत्तम. पण फेब्रुवारीच्या मध्यावर नवशिक्यांच्या मैदानापुरता बर्फ कृत्रिम बर्फ उडवणाऱ्या तोफांनी सांभाळतात, थंडी तेवढी असते. आणि ओबरटाउअर्नला सासू-सासरे काय करणार? हॉटेलं आणि लिफ्ट, गाव असं फारसं नाहीच. इथे नदीकाठची वाट आहे, बेकरी आहे, समोर विल्डर कायझरचा कडा आहे. झ्योलला संध्याकाळी दिव्यांच्या उजेडात घसरगाडीची वाट असते, मुलांना ती स्कीइंगपेक्षा जास्त आवडली तर मला दोष देऊ नका.

इझारकाठची

मंडळी, काल रात्री बुकिंग केलं! एलमाउ, स्की स्कूलचं मैदान चालत चार मिनिटांवर, नकाशावर मोजून घेतलं. दोन बेडरूम, एक सोफा कम बेड, जानेवारीच्या मध्यापर्यंत रद्द करता येतं. नवऱ्याला 'पुढच्या वर्षी झालबाख' असं तोंडी आश्वासन दिलंय. ब्राउनेकला जानेवारीत एक शनिवार ठरवला, खानदेशींच्या मानासाठी.

एकच अडचण. घरमालकीण म्हणाली शेगडी इंडक्शनची आहे, आणि सासूबाई त्यांचा हिंडालियमचा कुकर घेऊन येणार यावर ठाम आहेत.

चकलीताई

अ‍ॅल्युमिनियम इंडक्शनवर तापणारच नाही. बुडाला लोहचुंबक चिकटतो असा स्टीलचा कुकर म्हणून सांगा, चुंबक फ्रीजवरचा काढून द्या तपासायला. आणि फोडणीआधी खिडकी उघडा, नाहीतर धुराचा अलार्म सगळ्या मजल्याला उठवेल. तिथले अलार्म मोहरी तडतडण्याच्या आधीच वाजतात.

हाडांचा_डॉक्टर

आल्पेनफेराइनचं विसरू नका.

आळशी_अजगर

कुणी कुफश्टाइनच्या बाजूनं जात असेल तर माझ्यासाठी गेर्मक्न्योडल पार्सल आणा. घरी बसून खाईन.